जुन्या गाडीचा हीटर : दोन नळ्या, एक नियम

गणपतीला दोन दिवस उरले होते. मित्राच्या गाडीतून आम्ही कोल्हापूरहून सावंतवाडीला निघालो होतो. गाडी १९६७ सालची अँबेसेडर. त्याच्या वडिलांनी घेतलेली आणि त्यांच्यामागे त्याने जिवापाड सांभाळलेली. आजरा मागे पडले तसा पाऊस वाढला. आंबोलीच्या अलीकडे धुके रस्त्यावर उतरले आणि बघता बघता समोरची काच पांढरी झाली. वायपर चालू होते, पण ते बाहेरून. काच आतून धुरकटली होती. मागच्या सीटवर मित्राची आई मखराचे सामान मांडीवर घेऊन बसली होती, शेजारी तिचा नातू, पायाशी दोन ओल्या छत्र्या. मी पुढे बसून पंच्याने काच पुसत होतो. पुसलेली जागा काही सेकंदांत पुन्हा पांढरी होत होती.

मित्राने डॅशबोर्डखालचा हीटर चालू केला. तो त्याने याच कामासाठी मुद्दाम बसवून घेतला होता. पंखा घरघरला, पण हवा आली ती गार. पुढच्या वळणावर एसटीचे दिवे एकदम अंगावर आले. मित्राने गाडी डावीकडे दाबली, एसटी हॉर्न देत निघून गेली आणि गाडीत काही क्षण कोणीच बोलले नाही. मग आम्ही खिडक्या उघडल्या आणि भिजत, कुडकुडत, पायी चालावे तशा वेगाने घाट उतरलो.

दुसऱ्या दिवशी सावंतवाडीतल्या एका वयस्कर मेस्त्रींनी बॉनेट उघडले. हीटरच्या दोन्ही नळ्यांवरून बोट फिरवत त्या कुठून कुठे जातात ते पाहिले आणि म्हणाले, "दोनय पाईप एकाच जाग्यार लायल्यानी. मगे पाणी फिरतला कशाक?"

नळ्या फुटलेल्या नव्हत्या, तुंबलेल्या नव्हत्या, गळतही नव्हत्या. फक्त चुकीच्या ठिकाणी जोडलेल्या होत्या. जुन्या गाड्यांच्या दुरुस्तीत ही चूक नेहमी होते, कारण ती डोळ्यांना दिसत नाही. तिचे परिणाम मात्र काचेपासून माणसाच्या कातडीपर्यंत आणि मूत्रपिंडापर्यंत पोहोचू शकतात. म्हणून आजचा विषय हा.

आपल्याकडे हीटर कशाला?

महाराष्ट्रात गाडीला हीटर लागतो तो थंडीपेक्षा पावसासाठी. बंद गाडीत चार माणसे बसली की त्यांच्या श्वासातून आणि ओल्या कपड्यांतून बाष्प हवेत मिसळत राहते. बाहेरच्या पावसाने काच गार पडलेली असते. आतल्या दमट हवेचा दवबिंदू काचेच्या तापमानाहून वर गेला की बाष्पाचे बारीक थेंब काचेवर बसतात. फ्रिजमधून काढलेल्या तांब्याला घाम फुटतो, तेच हे.

यावर दोनच उपाय आहेत. हवा कोरडी करायची किंवा काच गरम करायची. आजच्या गाड्यांत एसी पहिले काम करतो. एसी नसलेल्या जुन्या गाडीत दोन्ही कामे हीटरकडे येतात. २० अंश सेल्सिअसची हवा एका घनमीटरमध्ये जास्तीत जास्त १७ ग्रॅमच्या आसपास बाष्प धरू शकते. तीच हवा ४० अंशांपर्यंत तापवली, तर तिची क्षमता ५० ग्रॅमच्या वर जाते. म्हणजे घाटातली बाष्पाने पूर्ण भरलेली २० अंशांची हवा हीटरमधून ४० अंशांची होऊन बाहेर पडली, की तिची सापेक्ष आर्द्रता शंभर टक्क्यांवरून एक तृतीयांशावर येते. अशी हवा काचेवर सोडली की ती काचेवरचे पाणी पिऊन टाकते आणि काचही गरम करते. अर्थात त्यासाठी हीटरमध्ये खरोखर गरम पाणी फिरायला हवे.

इंजिनातला रक्ताभिसरण

पाण्यावर चालणाऱ्या हीटरची रचना साधी असते. डॅशबोर्डखालच्या पेटीत एक छोटा रेडिएटर आणि त्यामागे पंखा. इंजिनाचे गरम पाणी एका नळीने आत येते, हवेला ऊब देते आणि दुसऱ्या नळीने परत जाते. सगळा प्रश्न इतकाच, की ते कुठून घ्यायचे आणि परत कुठे सोडायचे.

इंजिनातले पाणी कसे फिरते ते आधी पाहू. पुढच्या बाजूला पट्ट्यावर फिरणारा पाण्याचा पंप असतो. आपले मेस्त्री त्याला 'वॉटर बॉडी' म्हणतात. तो रेडिएटरच्या तळाकडून, म्हणजे खालच्या जाड होजमधून, थंड पाणी ओढतो आणि इंजिनाच्या ब्लॉकमध्ये ढकलतो. ब्लॉकमधून पाणी वर हेडमध्ये जाते. तिथे ते सर्वांत जास्त तापते. हेडच्या तोंडाशी थर्मोस्टॅट नावाची झडप असते. पाणी ८० अंशांच्या आसपास पोहोचेपर्यंत ती बंद राहते, मग उघडते आणि पाणी वरच्या जाड होजमधून रेडिएटरच्या माथ्यावर जाते. तिथून गार होत तळाशी येते आणि पुन्हा पंपाकडे.

आपल्या शरीरातही असेच चालते. मूत्रपिंडात रक्त जाते, कारण धमनीत दाब जास्त असतो आणि शिरेत कमी. दोन्ही टोके धमनीलाच जोडली, तर मूत्रपिंडात रक्त भरलेले राहील, पण वाहणार नाही. इंजिनात पंपाच्या ढकलण्याच्या बाजूला दाब सर्वांत जास्त आणि ओढण्याच्या बाजूला सर्वांत कमी असतो. हीटर या दोहोंच्या मध्ये यायला हवा.

म्हणून नियम एकच. गरम पाणी थर्मोस्टॅटच्या अलीकडून, म्हणजे हेडमधून घ्यायचे आणि ते पंपाच्या ओढण्याच्या बाजूला, म्हणजे खालच्या होजमध्ये किंवा पंपावरच त्यासाठी ठेवलेल्या तोंडात परत सोडायचे.

असे जोडले की आणखी एक फायदा मिळतो. सकाळी इंजिन थंड असताना थर्मोस्टॅट बंद असतो. पंप पाणी ढकलत असतो, पण रेडिएटरची वाट बंद. अशा वेळी हीटर ही त्या पाण्याला मोकळी असलेली एक वाट ठरते. त्यामुळे रेडिएटरला गरम पाणी मिळण्याआधीच ते हीटरला मिळू लागते.

अँबेसेडरमध्ये ही तोंडे कुठे असतात?

अँबेसेडरचे १४८९ सीसीचे जुने पेट्रोल इंजिन हे मूळचे ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचे 'बी-सिरीज' इंजिन. इंग्लंडमध्ये ते मॉरिस ऑक्सफर्डमध्ये होते, एमजीए या स्पोर्ट्‌स कारमध्येही होते. पुढे त्याचेच १७९८ सीसीचे रूप एमजीबीमध्ये आले. थंडीच्या देशात जन्मलेले इंजिन असल्यामुळे हेडच्या मागच्या भागात, शेवटच्या सिलिंडरजवळ, हीटरसाठी पाण्याचे तोंड ठेवलेले असते. एमजीबीमध्ये तिथेच हीटरचा नळ, म्हणजे वॉल्व, बसतो. परतीचे पाणी इंजिनाच्या कडेने पुढे जाणाऱ्या धातूच्या नळीतून रेडिएटरच्या खालच्या होजला मिळते. हीटर नसेल, तर हेडवरचे तोंड लहानशा धातूच्या झाकणाने बंद केलेले असते.

मित्राच्या गाडीत ते झाकण तसेच होते, अनेक वर्षांच्या काजळीने माखलेले. हीटर बसवणाऱ्याला ते दिसले नसावे, किंवा खोलायचा कंटाळा आला असावा. त्याने रेडिएटरच्या वरच्या होजमध्ये एकामागोमाग दोन टी बसवल्या होत्या. एकीतून पाणी हीटरकडे, दुसरीतून हीटरकडून परत. दोन्ही एकाच होजवर, वीतभर अंतरावर. दोन्ही ठिकाणी दाब सारखाच. पाणी फिरायला कारणच नव्हते.

वर आणखी एक गोष्ट निघाली. थर्मोस्टॅट काढून टाकलेला होता. 'आपल्याकडे उष्णता फार, त्याची गरज नाही,' असे सांगत आपल्या गॅरेजांतून हा भाग सर्रास काढला जातो. त्याचा परिणाम असा, की पावसात उताराने जाताना इंजिन पुरेसे तापतच नाही. इंजिन थंड राहिले की पेट्रोल नीट जळत नाही, न जळलेले पेट्रोल ऑइलमध्ये उतरते आणि इंजिनाची झीज वाढते. शिवाय थर्मोस्टॅटचा अडसर गेला, की जवळजवळ सगळे पाणी रेडिएटरच्या मोठ्या वाटेने निघून जाते आणि हीटरच्या बारीक नळीत जायला जोर उरत नाही. नळ्या बरोबर जोडूनही हीटर कोमट राहत असेल, तर आधी थर्मोस्टॅट जागेवर आहे का ते पाहावे.

प्रत्येक इंजिनाची वाट वेगळी

नियम एक असला, तरी तोंडे प्रत्येक इंजिनात वेगळ्या जागी असतात. शेव्हरलेच्या १९५५ पासूनच्या 'स्मॉल ब्लॉक' व्ही-८ इंजिनात गरम पाणी सहसा इनटेक मॅनिफोल्डच्या पुढच्या भागातून, थर्मोस्टॅटच्या अलीकडून निघते आणि परतीची नळी थेट पाण्याच्या पंपावर येते. तिथे जाणारी नळी ५/८ इंची आणि परतीची ३/४ इंची असते. आत येणारी वाट अरुंद आणि बाहेर जाणारी मोठी असल्यामुळे हीटरच्या नाजूक पेटीवर दाब कमी राहतो. एमजीबीसारख्या ब्रिटिश गाड्यांत मात्र दोन्ही नळ्या अर्ध्या इंची असतात. तिथे कोणती कुठली हे खुणेवरूनच ओळखावे लागते. म्हणून जुन्या नळ्या काढण्यापूर्वी दोन्हींना वेगवेगळ्या रंगाची चिकटपट्टी लावावी आणि मोबाइलवर फोटो काढून ठेवावा.

हीटर नकोच असेल, तर नळ्यांचे काय करायचे, हाही प्रश्न येतो. काही इंजिनांत दोन्ही तोंडे बुचाने बंद केली तरी चालते. काहींत मात्र थर्मोस्टॅट बंद असताना पाणी फिरते ठेवण्याचे काम हीटरच्या वाटेवर सोपवलेले असते. तिथे बुचे मारली, तर हेडमध्ये पाणी एका जागी साचून स्थानिक उकळी फुटू शकते. आणि जिथे गरज नाही तिथे दोन्ही तोंडे एकाच जाड नळीने जोडून ठेवली, तर उन्हाळ्यात काही गरम पाणी रेडिएटरला वगळून सतत इंजिनातच फिरत राहते. या बाबतीत गाडीचे मूळ वर्कशॉप मॅन्युअल सांगेल तेच खरे.

नळी कुठून न्यायची?

तोंडे बरोबर सापडली, तरी काम अर्धेच झाले. नळी त्या दोन तोंडांमधून कशी जाते यावर ती किती वर्षे टिकेल हे ठरते.

पहिला शत्रू एक्झॉस्ट मॅनिफोल्ड. त्याच्या जवळून गेलेले रबर आतून कडक आणि बाहेरून भेगाळलेले होते. जवळून न्यावीच लागली, तर तेवढ्या भागात धातूची नळी वापरावी. दुसरा शत्रू पंखा आणि त्याचा पट्टा. नळी सैल लोंबत असेल, तर एखाद्या खड्ड्यात ती उडून पात्यांत जाते. तिसरा शत्रू पत्र्याची धार.

चौथी गोष्ट हालचालीची. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेले असते. एक्सलरेटर दाबला की ते हलते, डोलते. हीटर मात्र बॉडीला घट्ट बसवलेला. नळी ताणून लावली, तर प्रत्येक झटका तिच्या टोकांवर येतो. म्हणून थोडी ढील हवी, पण इतकी नको की नळी मध्येच दुमडेल. दुमडलेली नळी बाहेरून धडधाकट दिसते आणि आतून बंद असते. वळण मोठे, सावकाश घ्यावे. एक्सलरेटर आणि चोकच्या दोऱ्यांना ती लागत नाही ना, हे एकदा पेडल पूर्ण दाबून तपासावे.

पाचवी गोष्ट माणसाच्या आरोग्याशी थेट जोडलेली आहे. नळ्या इंजिनाच्या खोलीतून ज्या पत्र्यातून गाडीच्या आत शिरतात, त्या भोकांत रबरी कडी, म्हणजे ग्रोमेट, घट्ट बसलेली असावी. ती नळीला पत्र्याच्या धारेपासून वाचवते आणि इंजिनाकडची हवा आत येण्यापासून रोखते. जुन्या गाडीच्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डचे गॅस्केट गळत असेल, तर त्या हवेत कार्बन मोनॉक्साइड असू शकतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. डोके दुखणे, मळमळ, गरगरणे, झोप येणे ही त्याची लक्षणे. प्रवासाच्या थकव्याचीही हीच असतात, म्हणून ती दुर्लक्षित राहतात. गाडीत एकाहून अधिक जणांचे डोके एकाच वेळी दुखू लागले, तर गाडी थांबवून सर्वांनी मोकळ्या हवेत यावे आणि डॉक्टर गाठावा.

पाण्यावरच्या हीटरचे खरे महत्त्व इथे कळते. हवेवर थंड होणाऱ्या जुन्या फोक्सवॅगन बीटलमध्ये पाणीच नसते. तिथे हवा थेट एक्झॉस्टच्या उष्णतेवर तापवून आत सोडतात. मध्ये फक्त धातूची भिंत. ती गंजून भोक पडले, तर धूर गाडीत. पाण्याच्या हीटरमध्ये उष्णता आणणारे पाणी धुराच्या वाटेला जातच नाही.

नळी निवडताना गाडीच्या कूलंटसाठी बनवलेलीच घ्यावी. पेट्रोलची नळी दिसायला तशीच असली, तरी तिचे रबर वेगळे असते. जुनी नळी तपासायची असेल, तर इंजिन थंड असताना क्लिपपासून दोन बोटांवर ती चिमटीत दाबावी. नळ्या बहुधा टोकांपाशी आतून भेगाळतात. मध्यभाग टणक आणि टोक पिचपिचीत लागले, तर नळीचे दिवस भरले असे समजावे.

हवेचा बुडबुडा

सगळे बरोबर जोडूनही हीटर गारच, असे झाले की बहुतेकदा गुन्हेगार असतो आत अडकलेला हवेचा बुडबुडा. हीटर बऱ्याचदा इंजिनातल्या इतर पाण्याहून उंचावर असतो आणि हवा उंच जागी जाऊन बसते. पंपाला पाणी ढकलता येते, हवा ढकलणे त्याला जमत नाही. म्हणून हीटरच्या नळ्या वर-खाली असतील आणि त्यावर बनवणाऱ्याची वेगळी खूण नसेल, तर पाणी खालच्या तोंडातून आत आणि वरच्या तोंडातून बाहेर, असे जोडणे शहाणपणाचे. मग हवा आपोआप पुढे निघून जाते.

पाणी भरताना गाडीचे नाक चढाला ठेवावे, हीटरचा नळ पूर्ण उघडा ठेवावा. परतीची नळी तिच्या शेवटच्या टोकाला सोडवून, तिच्यातून पाण्याची सलग धार येईपर्यंत सावकाश भरावे, मग ती जोडावी. इंजिन चालू करून तापले, की दोन्ही नळ्यांना अंगठ्याने चटका न बसेल इतपत हात लावून पाहावा. दोन्ही गरम, परतीची थोडी कमी, तर पाणी फिरते आहे. एक गरम आणि एक थंड, तर वाट अडली आहे. दोन्ही थंड, तर पाणी तिथवर आलेलेच नाही. आमच्या गाडीत पहिली नळी टीपाशी ऊन होती, वीतभर पुढे गार.

झाकण उघडण्याआधी

या सगळ्या कामात सर्वांत मोठा धोका रेडिएटरच्या झाकणाचा. समुद्रसपाटीवर पाणी १०० अंशांना उकळते. दर ३०० मीटर उंचीला हा आकडा साधारण एक अंशाने उतरतो, त्यामुळे महाबळेश्वरला ते ९५-९६ अंशांनाच उकळेल. म्हणून रेडिएटरचे झाकण पाणी दाबाखाली ठेवते. ७ पीएसआय दाबाच्या झाकणाखाली पाणी ११० अंशांपर्यंत न उकळता राहू शकते.

आता कोणी ते झाकण उघडले, तर काय होते? दाब एकदम जातो. ११० अंशांच्या पाण्याला आता १०० अंशांवर यावेच लागते आणि उरलेली उष्णता वाफ तयार करण्यात जाते. गणित केले, तर एका लिटरमधले जेमतेम १९ ग्रॅम पाणी वाफ होते. पण तेवढ्या पाण्याची वाफ होते सुमारे ३० लिटर. ती बाहेर पडताना उरलेले उकळते पाणीही सोबत नेते, थेट वाकून पाहणाऱ्याच्या तोंडावर. ६० अंशांचे पाणीसुद्धा काही सेकंदांत खोल भाजते, हे लक्षात घेतले की बाकी सांगायला नको. ओल्या फडक्याने झाकण धरले, तर हात वाचेल, चेहरा वाचणार नाही. गाडी बंद करून किमान अर्धा-पाऊण तास थांबावे, आणि वरची होज हाताला गार लागल्याशिवाय झाकणाला हात लावू नये.

जुन्या गाडीला जास्त दाबाचे नवे झाकण लावण्याचा मोहही टाळावा. वाढलेला दाब हीटरच्या साठ वर्षांच्या पितळी-तांब्याच्या पेटीला पेलेलच असे नाही. ती फुटली, तर उकळते पाणी चालकाच्या पायांवर येते आणि वाफेने काच एका क्षणात पांढरी होते. गाडीत गोडसर वास येणे आणि काचेवर पुसूनही न जाणारा चिकट थर बसणे ही पेटी झिरपू लागल्याची पहिली खूण आहे.

भाजलेच, तर काय करावे? भाजलेला भाग वाहत्या, साध्या थंड पाण्याखाली २० मिनिटे धरावा. अंगठी, घड्याळ, बांगड्या सूज येण्याआधी काढाव्यात. चिकटलेला कपडा ओढू नये. बर्फ, टूथपेस्ट, हळद, तूप, शाई यांतले काहीही लावू नये. स्वच्छ, तंतू न सुटणाऱ्या कापडाने सैल झाकावे. चेहरा, डोळे, हात किंवा मोठा भाग भाजला असेल, तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

घमेल्यातले हिरवे पाणी

मेस्त्रींनी मित्राच्या अंगणात रेडिएटर रिकामा केला, तेव्हा खाली घमेले ठेवले होते. त्यात हिरवट कूलंट साचले. मित्राने ते गाळून परत वापरायचे म्हणून शीतपेयाच्या रिकाम्या बाटलीत भरले आणि बाटली पडवीत ठेवली. घर गणपतीसाठी जमलेल्या मुलांनी भरलेले. शेजारचा कुत्रा घमेल्याचा तळ चाटायला आला होता, त्याला हाकलले तेव्हा कुठे माझे लक्ष बाटलीकडे गेले.

बहुतेक कूलंटमध्ये इथिलीन ग्लायकॉल असते. ते पाण्याचा उत्कलनबिंदू वाढवते आणि त्यात मिसळलेली गंजरोधक द्रव्ये इंजिन सांभाळतात, म्हणून ते वापरणे योग्यच. पण ते चवीला गोड असते आणि तिथेच घात होतो. शुद्ध इथिलीन ग्लायकॉल प्रौढ माणसासाठी सुमारे १०० मिलिलिटर इतकेही प्राणघातक ठरू शकते. लहान मुलाला दोन घोट पुरतात. सुरुवातीला माणूस दारू प्यायल्यासारखा वाटतो. पुढच्या तासांत यकृतात त्याची आम्ले तयार होतात, शेवटी ऑक्झॅलिक आम्ल. कॅल्शियमशी संयोग होऊन त्याचे स्फटिक मूत्रपिंडात साचतात आणि मूत्रपिंड निकामी होते. यावर फोमेपिझोल हा उतारा आहे. तो नसेल तिथे डॉक्टर इथेनॉल वापरतात, गरज पडल्यास डायलिसिस करतात. वेळेवर रुग्णालयात पोहोचले, तर माणूस वाचतो. म्हणून लक्षणांची वाट पाहू नये, उलटी करवू नये आणि डब्यावरचे लेबल सोबत न्यावे.

काढलेले कूलंट झाकणाच्या, ठळक नाव लिहिलेल्या डब्यात, कुलपाआड ठेवावे. खाण्यापिण्याच्या बाटलीत कधीही नाही. ते विहिरीजवळ, परसात किंवा गटारात ओतू नये. वापरलेले तेल आणि कूलंट घेणाऱ्या गॅरेजकडे द्यावे. आमच्या पडवीतली बाटली त्याच दिवशी मेस्त्रींच्या गॅरेजमध्ये गेली.

परतीचा घाट

हेडवरचे ते झाकण खोलायला मेस्त्रींना तास लागला. हीटरचा नळ आणि नवा थर्मोस्टॅट कोल्हापूरहून एसटीच्या पार्सलने आला. वरच्या होजमधल्या दोन्ही टी निघाल्या, नवी होज बसली. गरम पाणी आता हेडच्या मागून निघत होते, परतीचे खालच्या होजला जात होते. दोन्ही नळ्या मॅनिफोल्डपासून हातभर लांब, पत्र्यात नवे ग्रोमेट.

गौरी-गणपतीचे विसर्जन करून आम्ही परत निघालो, तेव्हा आंबोलीत पुन्हा तसाच पाऊस होता. मित्राने हीटरचा नळ उघडला आणि पंखा लावला. काचेच्या तळाशी, हवा लागते तिथे, आधी पंख्याच्या आकाराची एक स्वच्छ जागा तयार झाली. ती वर सरकत गेली आणि पाच-सात मिनिटांत अख्खी काच मोकळी झाली. समोरचे वळण, पांढरा कठडा, वरून येणारी एसटी, सगळे आधीच दिसत होते. पंचा माझ्या मांडीवर कोरडाच होता. चौकुळचा फाटा मागे पडला, तेव्हा मागून मित्राची आई म्हणाली, "अरे, आता बंद कर ते. पाय भाजायला लागले."